वाकोल्याहून तळेगावच्या उतारावर

वाकोल्यात झुडपांना तोटा नाही. नाल्याच्या भिंतीला भेग पडली की तिथे एरंड उगवतो. पाइपलाइनच्या कडेने रुई आणि घाणेरी आहे, कलिन्याच्या विद्यापीठ परिसराच्या कुंपणालगत सुबाभूळ माजलेला आहे. मध्येच एखाद्या मोकळ्या कोपऱ्यात पेटारी, पिवळ्या फुलांची आणि चाकासारख्या दातेरी फळांची. कागदोपत्री हा सगळा भाग कोळे-कल्याण. एके काळी इथे भातखाचरं होती आणि ओहोळ होते. त्यातलाच एक ओहोळ आज वाकोला नाला म्हणून मिठी नदीला मिळतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि नाला घराघरांत शिरला. तो गाळ वाळल्यावर त्यावर पहिल्यांदा काय उगवलं हे मी पाहिलेलं आहे: एरंड आणि घाणेरी.

घाणेरी मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली, सुबाभूळही तिकडचाच. आमच्या वस्तीत ज्यांच्याकडे रोज लक्ष जातं त्या झुडपांपैकी बरीच पाहुणी आहेत आणि त्यांचं उत्तम चाललं आहे. त्यामुळे 2024 च्या नोव्हेंबरमध्ये जेव्हा वाचलं की मुंबई-पुणे रस्त्यावरच्या तळेगाव दाभाडे इथल्या गवताळ उतारांवर विज्ञानाला आजवर ठाऊक नसलेली एक वनस्पती सापडली आहे, तेव्हा तो बातमीचा कागद मी जपून ठेवला. डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा हे तिचं नाव. ती वर्षातून दोनदा फुलते, आणि दुसरा बहर वणवा लागून गेल्यावर येतो, असं त्यात लिहिलं होतं. अरुणाचलातल्या एखाद्या दरीत नवी वनस्पती मिळाली असं वाचलं तर आनंद होतो. इथे आनंदाबरोबर आश्चर्यही होतं. ज्या डोंगरांकडे गाडीच्या खिडकीतून आपण आयुष्यभर बघत आलो, त्यांच्यावर हे उभं होतं?

वणव्यानंतरचा बहर मे-जूनचा. मे संपत आला तसं मी माझ्या मैत्रिणीला विचारलं. तिची सगळी हयात महाविद्यालयात वनस्पतीशास्त्र शिकवण्यात गेली, आणि तरुणपणी सेंट झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये तिने वाळवलेल्या रोपांच्या कपाटांसमोर पुष्कळ काळ काढलेला आहे. ती म्हणाली, "अगं, पाऊस पडायच्या आत निघायला हवं. एकदा हिरवळ आली की शोधूनही दिसायची नाही."

पहाटेच्या अंधारात वाकोल्याहून रिक्षाने सांताक्रूझ, तिथून लोकलने दादर, आणि दादरहून इंद्रायणी. कर्जत सोडून गाडी घाट चढू लागली तेव्हा उजाडलं होतं. भोर घाटाचा हा लोहमार्ग 1863 साली सुरू झाला, आणि त्या दिवसापासून तो वनस्पतीशास्त्रज्ञांचाही मार्ग झाला. मे महिन्यात कड्यांवरची कारवी वाळून काळपट काड्यांची झालेली असते. तरीही तिचे दाट पट्टे ओळखू येतात. कारवी, अडुळसा, कोरांटी, अबोली ही सगळी एका कुळातली, आणि आम्ही जिला भेटायला निघालो होतो ती तळेगावची वनस्पतीही याच कुळातली. अबोलीचे गजरे माळणाऱ्या बायका आणि खोकल्याला अडुळसा उकळणारी घरं या कुळाला चांगलीच ओळखतात. मला ही सोयरीक फार आवडली.

खंडाळ्याला मैत्रीण खिडकीशी सरकून बसली. फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी 1906 साली झेवियर्समध्ये ज्या संग्रहाची सुरुवात केली त्याचा मोठा भाग याच परिसरातून गेलेला आहे. त्यांच्यानंतर फादर सांतापाव वर्षानुवर्षं खंडाळ्याला येत राहिले आणि 1953 साली त्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ निघाला. डिक्लिप्टेरा या गणातल्या 'घाटिका' या जातीला नाव देणारेही सांतापावच. त्याही मागे जायचं तर 1861 साली डॅलझेल आणि गिब्सन यांची 'बॉम्बे फ्लोरा' आली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी थिओडोर कुक यांचे मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचे खंड. हे कुक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे, प्राचार्य होते. मुंबई आणि पुण्याच्या मधला हा पट्टा देशात सर्वांत आधी आणि सर्वांत बारकाईने धुंडाळला गेलेल्या प्रदेशांपैकी एक आहे. इथल्या गवताची काडी न् काडी कुणीतरी कधीतरी उचलून, वाळवून, कागदावर चिकटवून ठेवली असेल असंच कुणालाही वाटावं.

मग ही कशी राहिली? लोणावळ्याला उतरून आम्ही पुण्याची लोकल धरली आणि मळवली, कामशेत, कान्हे अशी स्टेशनं जात असताना मैत्रिणीने मला याचं उत्तर समजावून दिलं. वनस्पती गोळा करणारे बहुतेक लोक पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर लगेच बाहेर पडतात, कारण तेव्हा फुलं असतात. त्यांची पावलं पठारांकडे, कड्यांकडे, देवरायांकडे वळतात. कास पठार आणि कोयनेसारख्या जागा 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, आणि ते योग्यच झालं. पण साध्या गवताच्या उतारावर, तोही जळून काळा झालेला असताना, भर मे महिन्यात कोण चढणार? शिवाय ही वनस्पती नोव्हेंबरमध्ये एका रूपात दिसते आणि मे महिन्यात दुसऱ्या. दोन्ही रूपं एकाच जिवाची आहेत हे कळायला त्याच जागी पुन्हा पुन्हा, वर्षाच्या वेगवेगळ्या वेळी जावं लागतं. नावातलं 'पॉलिमॉर्फा' या अनेक रूपांवरूनच आलं.

वडगावच्या आसपास भाताची रिकामी खाचरं दिसू लागली. इंद्रायणी तांदळाचा वाण इथल्याच भात संशोधन केंद्राने 1987 साली दिला. काही खाचरांत राब भाजून झाले होते, त्यांचे काळे चौकोन बांधांच्या मध्ये उठून दिसत होते. मावळात आग ही शेतीच्या कामाचाच भाग आहे. रोपं टाकायची त्या जागी पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून भाजायच्या, मग पहिल्या पावसात पेरायचं. डोंगरावरचं गवत जाळण्यामागेही तसाच हिशोब असतो: जुनं वाळकं गवत गेलं की पावसाला नवं लुसलुशीत येतं. पुढे जे पाहायचं होतं त्याची तयारी या काळ्या चौकोनांनी करून दिली.

तळेगाव हे गाव मराठी माणसाला अनेक कारणांनी माहीत आहे. सरसेनापती खंडेराव दाभाडे यांचं हे गाव, उमाबाई दाभाड्यांचंही. स्वदेशीच्या चळवळीत पैसा फंडाच्या वर्गणीतून 1908 साली इथे काचेचा कारखाना निघाला. गो. नी. दांडेकर इथे राहिले आणि इथूनच किल्ल्यांना जात राहिले. आज स्टेशनाबाहेर पडल्यावर दिसतात ते इमारतींचे टॉवर आणि प्लॉटच्या जाहिराती. शहरापासून अर्धा तास, द्रुतगती मार्गापासून पाच मिनिटं, डोंगराचं दृश्य. त्या दृश्यातल्या डोंगरावर आम्हाला जायचं होतं. नेमका कोणता उतार ते मी इथे लिहीत नाही. ज्या वनस्पतीची वस्ती थोडक्या जागेत आहे तिचा पत्ता छापू नये या मताची मी आहे, आणि मैत्रीण तर त्याबाबत फारच कडक आहे.

चढ सोपा होता. सकाळचे साडेनऊ झाले होते तरी ऊन तापलं होतं. खालच्या भागातलं गवत जळालेलं नव्हतं. कुसळीची कुसळं मोज्यांत शिरत होती, टिटवी डोक्यावरून ओरडत गेली. थोडं वर गेल्यावर एक स्पष्ट रेषा लागली. रेषेच्या अलीकडे पिवळं गवत, पलीकडे काळी जमीन. वणवा तिथवर येऊन विझला होता, वाऱ्याने की माणसाने ते सांगता येईना. पळसाचे बुंधे गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत भाजलेले, पण वरची पानं हिरवी. गवताचे ठोंब जळून काळी बुडखं उरलेली. राख बरीचशी उडून गेली होती, आणि दगड उघडे पडल्यामुळे उतार होता त्याहून उभा वाटत होता.

मैत्रीण वाकून चालू लागली. मीही तिच्यामागून, पाय कुठे पडतोय ते बघत. आणि मग ती थांबली, गुडघ्यावर बसली, आणि मला जवळ बोलावलं.

जमिनीतून वितभर तरी वर आलंय की नाही असा एक झुपका होता. आखूड, ताठ कोंब, एकमेकांना चिकटून निघालेले. पानं मोजकी, आणि फुलं मात्र भरपूर, जणू पानांसाठी थांबायला वेळच नव्हता. काळ्या जमिनीवर ती लांबूनही दिसली असती; आम्हीच पायाशी बघत चाललो होतो. फूल लहान, दोन ओठांचं. डिक्लिप्टेराच्या फुलाची नळी स्वतःभोवती अर्धा पीळ घेते, त्यामुळे खालचा ओठ वर आणि वरचा खाली येतो. भिंगातून तो पीळ पाहताना मैत्रिणीचा चेहरा विद्यार्थिनीसारखा झाला होता. फुलांचे छोटे घोस एकावर एक येऊन कणसासारखा तुरा तयार होतो. भारतातल्या दुसऱ्या कोणत्याही डिक्लिप्टेरात असा तुरा येत नाही. तिचे सगळ्यात जवळचे नातलग आफ्रिकेत आहेत.

तिने कोंबाच्या बुडाशी बोटाने थोडी माती बाजूला केली. खाली लाकूड होतं. खरंखुरं कठीण, सालीचं लाकूड, वर दिसणाऱ्या कोंबांच्या मानाने कितीतरी जाड. "हे बघ, हिचं झुडूप जमिनीखाली आहे," ती म्हणाली, आणि माती पुन्हा सारून दाबून बसवली.

मी तिथेच बसून राहिले. झुडूप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते ती जमिनीपासून फांद्या फुटलेली, कमरेएवढी काहीतरी हिरवी गोष्ट. इथे लाकूड, साठवलेलं अन्न, पुढच्या कोंबांचे डोळे, सगळी पुंजी मातीच्या आत. वर येतो तो दरवर्षीचा खर्च. आग आली तर तेवढाच जळतो. गवताचा वणवा झपाट्याने पुढे सरकतो आणि मातीच्या थोड्या खोलीवरही उष्णता फारशी पोहोचत नाही. वरचं वाळकं आवरण गेलं, ऊन थेट मातीवर पडलं, शेजारच्या गवताची गर्दी हटली, की आतल्या ठोंबातून आखूड कोंब फुटतात आणि लगेच फुलतात. पावसाळ्यानंतरचा बहर नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत निवांत चालतो. वणव्यानंतरचा हा बहर घाईचा, थोड्या दिवसांचा आणि त्यामानाने भरगच्च. पाऊस पडून गवत डोक्यावर जायच्या आत तिला काम उरकायचं असतं. अडुळशाच्या कुळात फळ वाळलं की तडकतं आणि आतले आकड्यासारखे दांडे बिया दूर उडवतात. उघड्या जमिनीवर त्या उडवण्याला अर्थ आहे.

आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात ही रीत अनेक कुळांनी स्वीकारली आहे. फ्रँक व्हाइट या वनस्पतीशास्त्रज्ञाने 1976 साली त्यांना आफ्रिकेची भूमिगत अरण्यं म्हटलं होतं. तिथे अशा काही वनस्पती आहेत की ज्यांचे भाऊबंद शेजारच्या जंगलात मोठाले वृक्ष होतात, आणि या मात्र गवतात घोट्याएवढ्या राहून लाकूड जमिनीखाली पसरवतात. आपल्याकडच्या गवताळ उतारांकडे या नजरेने बघायला आत्ता कुठे सुरुवात होते आहे. याचा एक अर्थ असा की हे गवत जंगल तोडून काल-परवा तयार झालेलं नाही. वणव्याशी असं जुळवून घ्यायला फार मोठा काळ लागतो, आणि तेवढा काळ हे उतार मोकळे, उन्हाचे आणि गवताचेच असले पाहिजेत.

ऊन चढलं तसं आम्ही एका आपट्याच्या तुटपुंज्या सावलीत डबा उघडला. जेवता जेवता मैत्रिणीने मला नव्या जातीचं वर्णन करणं म्हणजे काय ते सांगितलं. आम्ही आलो ते बघायला. ज्यांनी हे काम केलं त्यांना नुसतं बघून भागलं नव्हतं. आदित्य धारप यांनी 2020 साली तळेगावच्या गवताळ भागातून या वनस्पतीचे पहिले नमुने घेतले. ते कोणत्याच ज्ञात जातीशी जुळेनात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे डॉ. मंदार दातार यांच्या नेतृत्वाखाली मग पुढची काही वर्षं त्या जागा पुन्हा पुन्हा पाहिल्या गेल्या, लक्षणं दर वेळी तशीच दिसतात का ते ताडून घेतलं गेलं. लंडनमधल्या क्यू उद्यानातले इयान डार्बिशायर हे या कुळाचे जगातले मोठे जाणकार. ही जात नवीच आहे याला त्यांनी दुजोरा दिला. मग 'क्यू बुलेटिन'मध्ये लेख आला, आणि त्या दिवसापासून या जिवाला नाव मिळालं.

नाव मिळतं ते एका कागदावर चिकटवलेल्या एका नमुन्याला बांधलेलं असतं. त्याला प्ररूप म्हणतात. वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबून वाळवलेली फांदी, कोपऱ्यात चिठ्ठी: कुठे, कधी, कुणी, किती उंचीवर. पुढे शंभर वर्षांनी कुणी शंका काढली तर तो कागद उघडून बघायचा. पूर्वी वर्णन लॅटिनमध्येच द्यावं लागे. 2012 च्या जानेवारीपासून इंग्रजीही चालतं. वर्णनात पानाच्या लवेपासून परागकणांपर्यंत सगळं येतं, आणि जवळच्या जातींपेक्षा वेगळं काय ते नेमकं सांगावं लागतं. हे सगळं चिकाटीचं, शांतपणे करायचं काम आहे, आणि मला त्याच्याबद्दल मनापासून आदर वाटतो. आघारकर संस्थेला हे शोभूनही दिसतं. 1946 साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून ती ज्यांनी उभी केली ते शंकर पुरुषोत्तम आघारकर मालवणचे, वनस्पतीशास्त्रज्ञ. आणि तरुण वयात, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत असताना, सह्याद्रीतल्या नदीच्या गोड्या पाण्यात जेलीफिश असल्याचं त्यांनीच दाखवून दिलं होतं. ओळखीच्या जागी अनोळखी जीव दिसणं ही त्या परंपरेतली जुनी गोष्ट आहे.

मला त्या सावलीत आंबा घाट आठवला. एका हिवाळ्यात कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना मी तिथे सोनघंटा पाहिली होती. ते मात्र सरळ, उभं झुडूप: मऊ लव असलेली हृदयाकार पानं, आणि फांद्यांना खाली तोंड करून लोंबणारी सोनेरी-नारिंगी घंटेसारखी फुलं. आमच्या वाकोल्याच्या कडेला उगवणारी पेटारी तिची सख्खी बहीण म्हणावी इतकी जवळची, दोघींचा गण एकच, अब्युटिलॉन. पण पेटारी देशभर कचऱ्यावरही वाढते आणि सोनघंटा सह्याद्रीतल्या मोजक्या ठिकाणी, कड्याकपारींत तग धरून आहे. तिची गणना अतिसंकटग्रस्त वनस्पतींत होते. कुक ज्या कॉलेजचे प्राचार्य होते तिथल्या वनस्पतीसंग्रहाचं काम रानडे नावाचे गृहस्थ बघत. त्यांच्यावरून वुड्रो आणि स्टाप्फ यांनी या झुडपाला 'रानडेई' नाव दिलं, 1894 साली, आणि ते प्रसिद्ध झालं क्यूच्याच बुलेटिनमध्ये. एकशे तीस वर्षांच्या अंतराने पुणे आणि क्यू यांच्यामध्ये सह्याद्रीतल्या दोन वनस्पती अशा जाऊन आल्या. सोनघंटेला नाव मिळून इतका काळ लोटला, तरी तिचा मुक्काम अजून धोक्यातच आहे. आता कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या उद्यानात अशा दुर्मीळ वनस्पती जपल्या जातात, रोपं तयार केली जातात. नाव दिल्याने जतन सुरू होऊ शकतं, इतकंच. ते आपोआप होत नाही.

तळेगावच्या या वनस्पतीला नेमका धोका कशाचा, हे दुपारी उतरताना दिसलं. आम्ही गेलो होतो त्याच्या शेजारच्या उतारावर, समोच्च रेषेत, ओळीने चर खणलेले होते. जेसीबीने काढलेले, ताजे, बाहेर टाकलेली माती अजून मुरमाच्या रंगाची. चरांच्या काठाला पावसाळ्यात झाडं लावायची असणार. पाणी अडवायचं, झाडं वाढवायची, डोंगर हिरवा करायचा, यात कुणाचाही वाईट हेतू नाही. महाराष्ट्रात 2017 ते 2019 या तीन वर्षांत पन्नास कोटी झाडं लावायचा संकल्प झाला, शाळांतली मुलं त्यात उत्साहाने उतरली. पुण्याच्या आसपासच्या कितीतरी टेकड्यांवर गिरिपुष्प लावलं गेलं, जे मध्य अमेरिकेकडचं आहे आणि फार लवकर वाढतं. पण चराच्या कापलेल्या भिंतीत मी पाहिलं तेव्हा तिथे तुटलेली मुळं, तुटलेले ठोंब, अर्धे कापलेले गड्डे होते. कोणत्या वनस्पतींचे ते मला ओळखता येणं शक्य नव्हतं, मैत्रिणीलाही सगळे ओळखता आले नाहीत. आगीला हरवण्यासाठी ज्यांनी आपली सगळी पुंजी जमिनीत नेऊन ठेवली, त्यांना खणणाऱ्या यंत्रापुढे काहीच उपाय नाही. ज्या खोलीवर त्या सुरक्षित होत्या, तीच खोली ते यंत्र उकरतं. आणि झाडं दाट वाढली तर सावली पडेल, गवत जाईल, वणवा येणार नाही, बहर येणार नाही.

या उतारांना कागदावर पडीक म्हणतात. केंद्र सरकार देशातल्या पडीक जमिनींचे नकाशे प्रसिद्ध करतं, त्यांत गवताळ आणि खुरट्या झुडपांच्या जमिनी मोठ्या प्रमाणात येतात. पडीक म्हटलं की तिचं काहीतरी करायला हवं असं प्रत्येकाला वाटतं: झाडं लावा, प्लॉट पाडा, सोलर बसवा. वाकोल्यात राहणाऱ्या माणसाला रिकाम्या जागेचं काय होतं हे कुणी शिकवायला नको. मिठीकाठची दलदलही रिकामी म्हणूनच भरली गेली. जागतिक पातळीवर एखादी जात संकटग्रस्त ठरवताना तिचा विस्तार हा एक निकष असतो. पाच हजार चौरस किलोमीटरच्या आत असेल आणि घट होत असेल तर संकटग्रस्त, शंभरच्या आत असेल तर अतिसंकटग्रस्त. इथे उतारांमागून उतार खणले जाताना पाहिल्यावर हे आकडे कोरडे वाटत नाहीत.

चरांच्या पलीकडे एक वयस्क गुराखी शेळ्या घेऊन बसले होते. आम्ही पाणी मागितलं, त्यांनी बाटली पुढे केली.

"ताई, काय शोधताय हितं? सकाळधरनं बघतोय, खाली वाकून चाललाय."

मैत्रिणीने मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्यांनी तो उन्हापासून हाताने झाकून निरखला. "हे व्हय. जाळ लागला की येतं. मिरगाच्या आधी असतं, मग गवतात गडप व्हतं."

"मामा, दर साली जळतो का हा डोंगर?"

"दर साली ह्योच न्हाई. कवा ह्यो, कवा तो पल्याडचा. पूर्वी गावात ठरायचं, यंदा कुठलं कुरण राखायचं नि कुठलं जाळायचं. आता कोन बी काडी टाकून जातं. बाहेरची पोरं येत्यात, शेकोटी करत्यात. कवा कवा एका साली दोनदा बी जळतं."

मैत्रिणीला हवी होती तीच माहिती ही होती. आगीशिवाय या वनस्पतीचं भागत नाही आणि आग वारंवार लागली तरी भागत नाही. ठोंबातली पुंजी भरून यायला पावसाळ्यानंतरचा तो निवांत बहर, पानं, ऊन, काही महिने शांतता लागते. पक्ष्यांची घरटी, बिया, कीटक यांचंही तसंच. पूर्वीच्या पाळीपाळीने जाळण्यात ती उसंत मिळत होती. तिने वहीत उताराचा कच्चा नकाशा काढला आणि मामांना विचारत बसली: हा भाग शेवटचा कधी जळाला, तो ओढ्याच्या वरचा कधी, दगडाच्या खाणीकडचा कधी. त्यांना सगळं आठवत होतं. कुठल्या वर्षी कुणाच्या लग्नाआधी, कुठल्या वर्षी गवताच्या गंजीला आग लागली तेव्हा, अशा खुणांनी ते सांगत गेले आणि ती लिहीत गेली. हे ज्ञान कुठल्याही हर्बेरियमच्या चिठ्ठीवर नसतं, आणि या वनस्पतीच्या जतनाची आखणी करायची तर त्याच्याशिवाय एक पाऊल टाकता येणार नाही.

मग त्यांनी चरांकडे हात केला. "मग हितं झाडं लावायची का न्हाई? सावली व्हईल म्हंत्यात."

"लावा की मामा," ती म्हणाली. "गावाच्या कडेला लावा, ओढ्याकाठी लावा, शाळेच्या आवारात लावा. करंज लावा, उंबर लावा. हा उतार तेवढा न खणता सोडा. गवत राखा, तुमच्या पहिल्या पद्धतीनं पाळी ठरवा."

त्यांनी थोडा विचार केला. "आमी सांगून कोन ऐकतंय? तुमी येऊन सांगा. पंधरा ऑगस्टला ग्रामसभा असती. फोटू घेऊन या, मोठा काढून आना. सरपंच बाई हाय, ऐकून घेती."

मैत्रिणीने त्यांचा नंबर घेतला. लोकलला अजून वेळ होता, म्हणून आम्ही पुन्हा वर चढलो आणि ग्रामसभेत दाखवता येतील असे फोटो काढले: जळालेला उतार पूर्ण दिसेल असा एक, झुपक्याचा एक, फुलाचा एक, आणि चराच्या भिंतीतल्या तुटलेल्या ठोंबांचे तीन-चार.